काचेच्या पेटीपासून आईच्या छातीपर्यंत : कांगारू केअरची गोष्ट

हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि रात्री बाळाला मांडीवर घेऊन आवाज न करता वाचणाऱ्यांसाठी.

आजची गोष्ट बाळाबद्दल आहे, पण ती सुरू होते कोंबडीच्या पिल्लांपासून.

साल १८८० च्या आसपासचं. पॅरिसमधले स्तेफान तार्निए हे प्रसूतितज्ज्ञ तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले होते. तिथे त्यांनी कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली. खाली गरम पाणी, वर अंडी आणि आत छान उबदार हवा. तार्निए ज्या रुग्णालयात काम करायचे, तिथे दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं गारठून मरत होती. त्यांनी विचार केला, की पिल्लं जगतात तर बाळं का नाही? मग त्या प्राणिसंग्रहालयातल्याच ओदिल मार्तँ नावाच्या माणसाकडून त्यांनी बाळांसाठी तशीच पेटी बनवून घेतली. आपल्याला माहीत असलेल्या इनक्युबेटरची सुरुवात ही अशी झाली.

पेटीने खरंच काम केलं. त्या रुग्णालयात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या १०० बाळांपैकी ६६ दगावायची. पेटी आल्यावर हा आकडा ३८ वर आला. त्या काळाच्या मानाने हा चमत्कारच होता. हे आधीच सांगते, कारण पुढे मी पेटीच्या मागे लागले आहे असं कुणाला वाटायला नको. इनक्युबेटरने लाखो जीव वाचवले आहेत आणि आजही वाचवतोय. माझा प्रश्न वेगळा आहे. बाळ पेटीत गेलं, तेव्हा आई कुठे गेली?

जत्रेतली बाळं

हा प्रश्न सगळ्यात आधी पडला तो तार्निए यांच्याच शिष्याला. त्यांचं नाव पिएर ब्युदँ. त्यांना दिसलं, की बाळ पेटीत आणि आई घरी असं काही आठवडे चाललं, की काही आया बाळाला न्यायला येतच नाहीत. जीव वाचला, पण नातं तुटलं. म्हणून ते आयांना रुग्णालयात बोलवायचे, बाळाला अंगावर पाजायला लावायचे. १९०० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे.

पण दुनियेने पेटी उचलली आणि ब्युदँचं म्हणणं मागे ठेवलं. १८९६ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात इनक्युबेटरमधली जिवंत बाळं लोकांना बघायला मांडली होती. पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत हाच खेळ मांडला. १९०३ ते १९४३ अशी तब्बल चाळीस वर्षं! आकाशपाळणा बघा, सर्कस बघा आणि पंचवीस सेंटचं तिकीट काढून काचेमागची चिमुकली बाळं बघा. ऐकायला विचित्र वाटतं, पण कूनी बाळाच्या आईबापाकडून एक पैसा घेत नसे. तिकिटांच्या पैशातून नर्सेसचे पगार निघायचे. मोठमोठी रुग्णालयं ज्या बाळांवर पाणी सोडायची, त्यातली हजारो त्याच्याकडे जगली.

नंतर हीच व्यवस्था रुग्णालयांत आली. तिकीट गेलं, काच राहिली. जंतुसंसर्गाची धास्ती मोठी होती आणि ती खोटीही नव्हती. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. त्यामुळे नियम झाला, की बाहेरचं कुणी आत येणार नाही. या 'बाहेरच्या' लोकांच्या यादीत आईसुद्धा होती. विसाव्या शतकाचा बराच काळ अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आई काचेला नाक लावून उभी राहिली.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी आयांना हात धुऊन आत सोडून बघितलं. संसर्ग काही वाढला नाही. १९७२ मध्ये क्लाउस आणि केनेल या दोघांनी क्लीव्हलंडमधल्या २८ आयांचा एक छोटा अभ्यास छापला. ज्यांना पहिल्या तीन दिवसांत बाळासोबत जास्त वेळ मिळाला, त्या पुढेही बाळाच्या जास्त जवळ राहिल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. अभ्यास फारच लहान, त्यावर टीकाही भरपूर झाली. पण काचेला पहिला तडा गेला होता.

बोगोटा, १९७८

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला चला. दक्षिण अमेरिकेतला कोलंबिया देश, राजधानी बोगोटा. तिथल्या 'इन्स्टिट्यूटो मातेर्नो इन्फान्तिल' या सरकारी प्रसूती रुग्णालयात गोरगरीब बायकांची गर्दी असायची. इनक्युबेटर कमी, बाळं जास्त. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं. एकाला संसर्ग झाला की शेजारच्यालाही होणार. आणि ब्युदँला ऐंशी वर्षांपूर्वी जे दिसलं होतं, तेच इथेही दिसत होतं. आया बाळांना सोडून जात होत्या.

तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. एडगर रे सानाब्रिया. त्यांच्या वाचनात कांगारूबद्दलचा मजकूर आला. कांगारूचं पिल्लू जन्मतः जेमतेम शेंगदाण्याएवढं असतं. केस नाहीत, डोळे मिटलेले. म्हणजे अपुऱ्या दिवसांचंच म्हणा ना! ते सरपटत आईच्या पिशवीत जातं, स्तनाला लागतं आणि महिनोन्महिने तिथेच वाढतं. ऊब, दूध, संरक्षण, सगळं एकाच जागी.

मग १९७८ च्या सुमारास डॉ. रे यांनी, आणि लवकरच त्यांच्याबरोबर डॉ. हेक्टर मार्तिनेझ यांनी, एक गोष्ट सुरू केली. बाळाचा श्वास नीट चालू लागला, तब्येत जरा सावरली, की त्याला फक्त लंगोट आणि टोपडं घालायचं आणि आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवून वरून कपड्याने बांधायचं. दिवस-रात्र. आईचंच दूध द्यायचं. आणि बाळ अगदी छोटं असलं तरी लवकर घरी सोडायचं, मात्र तपासणीला नियमित बोलवायचं. स्पर्श, दूध आणि पाठपुरावा असे या पद्धतीचे तीन पाय आहेत. आजही त्यातला एक काढला तर स्टूल पडतं.

युनिसेफच्या कानावर हे गेलं आणि १९८० च्या दशकात बातमी जगभर झाली. बाळं मरायची थांबली, असे थक्क करणारे आकडे फिरू लागले.

इथे गोष्टीला वळण आहे. १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या दोघा डॉक्टरांनी बोगोटाला जाऊन पाहिलं आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की हे आकडे फसवे आहेत. का? कारण पद्धत सुरू व्हायची ती तब्येत सावरलेल्या बाळांवर. जी बाळं पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत गेली, ती हिशोबातच नव्हती. आणि तुलना मात्र जुन्या काळातल्या सगळ्या बाळांशी! मॅच अर्ध्यातून बघायला लागायचं आणि म्हणायचं, आपली एकही विकेट पडली नाही. तसंच हे.

पण त्याच डॉक्टरांनी हेही मान्य केलं, की आया आनंदी दिसतात, बाळं अंगावर पितात आणि आई-बाळाची ताटातूट होत नाही. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती, हिशोब कच्चा होता.

हिशोब पक्का करायचं काम केलं डॉ. नताली शारपाक आणि त्यांच्या बोगोटातल्या सहकाऱ्यांनी. ७०० हून अधिक बाळं, सगळी दोन किलो किंवा त्याहून कमी वजनाची. कुणाला कांगारू पद्धत, कुणाला नेहमीची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे निवडीत कुणाचा हात नको. १९९७ मध्ये निकाल छापून आले. कांगारू पद्धत सुरक्षित आहे, आणि त्या बाळांना आईचं दूध जास्त मिळतं. या लोकांनी तिथेच थांबायचं नाही असं ठरवलं. वीस वर्षांनी त्यांनी त्यातल्या शेकडो मुलांना पुन्हा शोधून काढलं. आता ती विशीतली, तुमच्या-माझ्यासारखी. कांगारू गटातल्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि अतिचंचलपणा कमी आढळला, शाळा बुडवण्याचं प्रमाणही कमी होतं.

थंडीने न कुडकुडणारं बाळ

असं होतं तरी काय छातीवर ठेवल्याने?

पहिली गोष्ट ऊब. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या अंगात खास प्रकारची चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तीही कमी. मग सगळी ताकद गरम राहण्यात जाते, वाढायला काही उरत नाही. आईच्या छातीवर ही मेहनत वाचते.

दुसरी गोष्ट श्वास. फार लवकर जन्मलेली बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. आईच्या श्वासाची हालचाल आणि हृदयाचे ठोके जवळ असले की बाळाचा श्वास आणि ठोके जास्त स्थिर राहतात.

तिसरी दूध. बाळ अंगाला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं आणि पान्हा फुटायला मदत होते. चौथी गोष्ट जंतूंची. रुग्णालयातल्या हट्टी जंतूंपेक्षा आईच्या त्वचेवरचे ओळखीचे जंतू आधी बाळाच्या अंगावर वस्ती करतात, तर ते केव्हाही बरं.

आणि हे फक्त कमी वजनाच्या बाळापुरतं नाही. पूर्ण दिवसांच्या सुदृढ बाळालाही जन्मल्याबरोबर पुसून आईच्या पोटावर ठेवलं, तर ते हळूहळू स्वतःच सरकत स्तनापर्यंत जातं. इंग्रजीत याला 'ब्रेस्ट क्रॉल' म्हणतात. बाळाला कुणी शिकवलेलं नसतं. आपल्या महाराष्ट्रातल्या स्तनपानासाठी काम करणाऱ्या डॉक्टरांनी युनिसेफबरोबर २००७ मध्ये यावर एक फिल्म केली, ती जगभर दाखवली गेली.

आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्या बाळंतिणीच्या खोलीचा विचार करा. दारं-खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, शेक-धुरी, कान बांधलेले. बाळाला कुंची आणि दुपटं. ऊब हवी हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्कं माहीत होतं. आई आणि बाळ एकाच खाटेवर, हेही होतं. पण जन्मल्या-जन्मल्या अंघोळ, मग मध किंवा गुळाचं पाणी चाटवणं, चिकाचं दूध पिळून टाकणं, हेही त्याच खोलीत होतं. म्हणजे 'आपल्याकडे सगळं आधीच माहीत होतं' असं म्हणून पाठ थोपटून घ्यायला नको, आणि 'आजीला काय कळतंय' हेही नको.

मुंबईतल्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बाळांच्या विभागात आयांना आणि आईच्या दुधाला जागा दिली. १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. २००५ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी, आपल्या गर्दीच्या वॉर्डात कांगारू पद्धत जमते का, याचा अभ्यास छापला. उत्तर होतं, जमते. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन बाळाचं वजन, तापमान, श्वास बघायचा, बाळाला उबदार ठेवायला शिकवायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, की नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज तुमच्या गल्लीतली आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत जे फेरे मारते, त्याचं मूळ या गावांत आहे.

आता थोडं घरातलं. माझा जन्म १९९६ चा, आठव्या महिन्यातला. आईला मी हा एपिसोड लिहिते आहे असं सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुला मी नऊ दिवस काचेतूनच बघितलं गं. नर्सबाई यायच्या, वाटीत दूध काढून न्यायच्या. दहाव्या दिवशी हातात दिलं तर मला भीतीच वाटली. आपलं वाटेचना."

ही गोष्ट तिने अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. आपल्याला आपलं बाळ आपलं वाटलं नाही, हे बाई कुणाला सांगणार? मी तिला ब्युदँची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या बायकांचंही असंच व्हायचं म्हटलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "म्हणजे मला आत सोडलं असतं, तर चाललं असतं?"

इतिहास वाचणाऱ्याने याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. बोगोटाचे पक्के निकाल छापून यायला तेव्हा एक वर्ष बाकी होतं. त्या रुग्णालयातल्या लोकांनी त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच केलं, आणि मी जगले. पण हो आई, चाललं असतं. तू हात धुऊन आत आली असतीस, तर चाललं असतं.

दिल्लीतल्या खाटा

एक प्रश्न मात्र उरला होता. बोगोटापासून नियम होता, की आधी बाळाची तब्येत स्थिर होऊ दे, मग छातीवर. पण सगळ्यात जास्त बाळं मरतात ती स्थिर होण्याआधीच! झिम्बाब्वेमधल्या एका मिशन हॉस्पिटलात डॉ. निल्स बर्गमन यांनी १९८८ मध्ये जन्मल्यापासूनच कांगारू पद्धत वापरली होती, कारण त्यांच्याकडे इनक्युबेटरच नव्हते. बाळं जास्त जगली. पण एका छोट्या रुग्णालयाच्या अनुभवावर जगाचा नियम कसा बदलणार?

मग जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांत मोठा अभ्यास केला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ किलो ते १.८ किलोच्या आतली ३,२११ बाळं. अर्ध्यांना जन्मल्यावर लगेच आईच्या किंवा दुसऱ्या नातेवाइकाच्या छातीवर. बाकीच्यांना आधी वॉर्मर-इनक्युबेटर, स्थिर झाल्यावर कांगारू.

यासाठी काय करावं लागलं, ते ऐका. नवजात अतिदक्षता विभागात आयांच्या खाटा टाकाव्या लागल्या. बस्स! सलाइन, ऑक्सिजन, मॉनिटर सगळं चालू, फक्त बाळ आईच्या छातीवर. पहिल्या गटातली बाळं दिवसाला साधारण १७ तास छातीवर राहिली, दुसऱ्या गटातली त्या काळात दीड तास. पहिल्या २८ दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळं गेली, पहिल्या गटातली १२ टक्के. म्हणजे दर २७ बाळांमागे एक जादा जीव वाचला. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास वेळेआधी थांबवला. ज्यांना हे मिळत नाहीये त्यांच्यावर अन्याय नको म्हणून. २०२१ च्या मे महिन्यात हे छापून आलं.

त्याच सुमारास कोविड चालू होता आणि जगभर पुन्हा आयांना बाळापासून दूर ठेवलं जात होतं. तीच जुनी धास्ती, तीच काच. जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं, की आई-बाळाला एकत्र ठेवून कांगारू केअर दिलं तर सव्वा लाखाहून जास्त बाळं वाचतील. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी नियमच बदलला. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर छातीवर घ्या, दिवसाला ८ ते २४ तास.

माहिती आहे, पण

आता मुद्द्याची गोष्ट. 'आयांमध्ये जागृती नाही' असं आपण पटकन म्हणतो. पण दिवसाला आठ तास छातीवर बाळ घेऊन बसायचं, तर भाकरी कोण थापणार? पाणी कोण भरणार? मोठं मूल कोण सांभाळणार? वॉर्डात पडदा नसेल, टेकून बसायला खुर्ची नसेल, समोरून माणसं ये-जा करत असतील, तर ब्लाउज उघडून बाई बसेल कशी? सासूबाई म्हणतील, "हाताची सवय लागेल हं." शेजारीण म्हणेल, "ओल्या बाळंतिणीने बसू नये एवढं." हे सगळं पोस्टर लावून सुटत नाही. हरियाणात घरोघरी जाऊन आयांना, आणि त्यांच्या घरच्यांनाही, कांगारू पद्धत शिकवली. आठ हजारांहून जास्त बाळांचा तो अभ्यास. तिथे सहा महिन्यांपर्यंतचे मृत्यू चौथ्या हिश्श्याने घटले. आईबरोबर घर तयार झालं की हे जमतं.

म्हणून हे फक्त होणाऱ्या आईने वाचून उपयोग नाही. नवरे मंडळी, तुम्हीही ऐका. बाबाची छातीही चालते. सिझेरियन झालं असेल, आई शुद्धीवर यायला वेळ असेल, तर डॉक्टरांना विचारून बाबा, मावशी, आजी कुणीही बाळाला छातीवर घेऊ शकतं.

करायचं कसं, थोडक्यात सांगते. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज घालायचा, थोडं मागे रेलून बसायचं. बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळलेली. नाक-तोंड कायम मोकळं आणि आपल्याला दिसेल असं. वरून मऊ सुती कापड किंवा जुनी साडी बांधायची, घट्ट पण श्वास घेता येईल इतपत. एका वेळी निदान तासभर तरी ठेवा, सारखं काढ-घाल नको. आणि बाळाचा रंग बदलला, श्वास अडखळला, ते पिईना किंवा गार लागलं, तर लगेच दवाखाना गाठा.

बाळंतपणाच्या बॅगेत काय काय भरायचं, याची यादी सगळ्यांकडे असते. त्यात एक प्रश्न भरून ठेवा. नाव नोंदवायला जाल तेव्हाच विचारा, "बाळ झाल्यावर लगेच माझ्या छातीवर देणार ना? आणि त्याला आत ठेवावं लागलं, तर मला आत येऊ देणार का?" हा प्रश्न आईनेच विचारायला हवा असं नाही. कळा सुरू असताना तिला तो सुचणारही नाही. तिच्याबरोबर जो कुणी जाणार असेल, त्याने पाठ करून जावा.

आणि हो, हा एपिसोड घरातल्या मोठ्या बायकांना ऐकवा. त्यांच्या वेळी कसं होतं ते विचारा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा.